देणें आणि सोडणें

घरांतील वडील माणसें आणि तरुण माणसें यांच्यांतील कलहाविषयीं दोन्ही पक्षांचें गाऱ्हाणें ऐकूं लागलें, म्हणजे प्रथमदर्शनीं असें वाटतें कीं, हा तत्त्वांचा लढा आहे. वडील म्हणतात, आचार बुडाला. मुलें म्हणतात, स्वातंत्र्य नाहीं. वडील संस्कृतीचें नांव घेतात, मुलें काळाचें. परंतु हे मोठे शब्द बाजूस सारून, प्रत्यक्ष खटका कोठें उडाला असें विचारलें, तर उत्तर बहुधा फार लहान निघतें. गणपति दहा दिवसांचा ठेवावयाचा कीं दीड दिवसाचा. इमारतीच्या पुनर्विकासाच्या कागदावर सही करावयाची कीं नाहीं. नातीनें शिक्षणासाठीं पुण्यास राहावयाचें कीं जर्मनीस जावयाचें. सकाळच्या स्वयंपाकास बाई लावावी कीं न लावावी. आणि आमटींत गूळ किती घालावा. यांपैकीं शेवटच्या प्रश्नावरून चुली वेगळ्या झाल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांस आपापल्या आळींत सांपडतील. त्यासाठीं दूर जावयास नको.

आतां या सर्व प्रश्नांत समान असें काय आहे? त्यांपैकीं एकाचेंही उत्तर धर्मग्रंथांत मिळत नाहीं, आणि विज्ञानाच्या ग्रंथांतही मिळत नाहीं. दीड दिवसाच्या गणपतीनें धर्म बुडत नाहीं, आणि दहा दिवसांच्या गणपतीनें प्रगति अडत नाहीं. हें दोन्ही पक्षांस ठाऊक असतें. तरीही वाद मिटत नाहीं. कारण ‘काय करावें’ हा वादाचा विषयच नसतो, ‘कोणीं ठरवावें’ हा असतो. एवढें एकदां ध्यानांत आलें म्हणजे या विषयावरचीं पुष्कळशीं व्याख्यानें निरुपयोगी ठरतात. तरुणांना मर्यादा शिकवून आणि वृद्धांना काळाची जाणीव देऊन हा कलह मिटावयाचा नाहीं. त्याचें मूळ अज्ञानांत नाहीं, अधिकारांत आहे.

‘काळ बदलला’ हें कारण सर्वांत सोपें, आणि म्हणूनच सर्वांत फसवें. काळ बदलला नाहीं अशी पिढी कोणती? १८७३ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची प्रथम पत्नी निवर्तली. रानडे त्या वेळीं एकतीस वर्षांचे, न्यायखात्यांत अधिकारी, आणि विधवाविवाहाच्या चळवळीचे पुरस्कर्ते होते. चिरंजीव आतां एखाद्या विधवेशीं विवाह करतील या धास्तीनें त्यांच्या वडिलांनीं त्याच वर्षीं एका अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचा विवाह ठरविला. रानड्यांनीं विरोध केला, विनवणी केली, आणि शेवटीं वडिलांच्या शब्दापुढें मान तुकविली. सुधारकांनीं त्याबद्दल त्यांस लाविलेला बोल त्यांना जन्मभर पुरला. परंतु कथा तेथें संपत नाहीं. त्या मुलीस रानड्यांनीं स्वतः शिकविलें. घरांतील वडील स्त्रियांनीं तिच्या लिहिण्यावाचण्याचा राग धरला. आणि पुढें तीच मुलगी रमाबाई रानडे या नांवानें पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत रमाबाईंनीं हें सर्व विलक्षण शांतपणें लिहून ठेविलें आहे. तें वाचतांना एक गोष्ट मनास लागते. एकाच छपराखालीं विवाहाचा अधिकार सासऱ्यांच्या हातीं, शिक्षणाचा पतीच्या हातीं आणि माजघराचा वडील स्त्रियांच्या हातीं होता. आणि या तिन्ही अधिकारांचा भार सोसणारी व्यक्ति एकच होती, ती म्हणजे त्या घरांतील कोवळी सून. अधिकार कोणाचा हें जेथें स्पष्ट नसतें, तेथें त्याची किंमत घरांतील सर्वांत दुबळें माणूस देतें.

दुसरें उदाहरण कर्वे घराण्याचें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां कोंकणांतील मुरूडच्या मंडळींनीं त्यांजवर बहिष्कार घातला. पुढें तोच समाज त्यांना महर्षि म्हणूं लागला, आणि १९५८ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. त्यांचेच चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, तेव्हां विधवाविवाह पचविलेल्या समाजासही हें पचेना. म्हणजे एका पिढीचें बंड पुढच्या पिढीच्या वेळीं शिष्टाचार होऊन बसतें, आणि त्या शिष्टाचाराच्या ओट्यावर बसून मंडळी नव्या बंडाचा निषेध करितात. ज्या गृहस्थानें १९७५ च्या सुमारास वडिलांचा विरोध न जुमानतां, पत्रिका न पाहतां विवाह केला, तोच आज नातीनें विवाहापूर्वीं परदेशीं नोकरी धरली म्हणून अस्वस्थ होतो. त्यास ढोंगी म्हणणें अन्यायाचें होईल. ठरविण्याचा अधिकार त्यास त्या वेळींही हवा होता आणि आजही हवा आहे. त्याची वृत्ति तीच आहे, केवळ जागा बदलली आहे.

या अधिकाराच्या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनीं किती व्यवहारी दृष्टीनें केला होता हें पाहावयाचें असेल, तर कौषीतकि उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आलेला एक लहानसा विधि वाचावा. त्याचें नांव ‘पितापुत्रीय संप्रदान’. पिता मरणोन्मुख झाला म्हणजे पुत्रास बोलावितो. घरांत नवें तृण अंथरितात, अग्नि सिद्ध करितात, पाण्यानें भरलेला कलश जवळ ठेवितात. पिता नवें वस्त्र पांघरून निजतो. पुत्र जवळ आल्यावर पिता एकेक वस्तु त्याच्या ठायीं ठेवीत जातो: आपली वाणी, प्राण, दृष्टि, श्रवण, अन्नाचे रस, कर्में, सुखदुःखें. प्रत्येक वस्तूच्या नांवापाठोपाठ पुत्र ती आपण धारण करीत असल्याचें सांगतो. मग पुत्र उजवीकडून वळून निघतो. पिता पाठीमागून त्यास आशीर्वाद देतो. आणि पुत्र डाव्या खांद्यावरून मागें पाहून, तोंडापुढें हात अथवा वस्त्राचा शेव धरून, पित्यास उत्तम लोकांची प्राप्ति चिंतितो.

येथपर्यंत हा विधि मृत्युशय्येवरील कोणत्याही निरोपासारखाच आहे. परंतु उपनिषत्कार तेथें थांबत नाहींत. ते एक सरळ व्यावहारिक शंका विचारांत घेतात. समजा, पिता बरा झाला तर? सर्व कांहीं देऊन झालें, पुत्रानें तें घेतलें, निरोप झाला, आणि दुसऱ्या दिवशीं पिता उठून बसला, तर पुढें काय? यावर त्यांनीं दोनच मार्ग सांगितले आहेत. त्यानें पुत्राच्या सत्तेखालीं राहावें, अथवा घर सोडून परिव्राजक व्हावें. तिसरा मार्ग नाहीं. दिलेलें परत घ्यावें, असें म्हटलेलें नाहीं. थोडेंसें परत घ्यावें, असेंही म्हटलेलें नाहीं.

ज्या काळीं हा विधि सांगितला गेला त्या काळीं पिता बरा होणें हा अपवाद असेल. आज तो नियम झाला आहे. १९५१ च्या जनगणनेच्या सुमारास भारतांतील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या घरांत होतें. आज तें ७० च्या आसपास आहे. या वाढींत बालमृत्यु कमी झाल्याचा वांटा मोठा आहे हें खरें. तथापि साठीनंतरचें आयुष्यही लांबलें आहे, हें कोणत्याही उद्यानांतील सायंकाळचीं बांकें पाहिलीं असतां दिसून येईल. हृदयावर शस्त्रक्रिया होते, मोतीबिंदु निघतो, गुडघा बदलतो, आणि पिता बरा होऊन घरीं येतो. पुत्र पंचेचाळीस वर्षांचा, पिता पंचाहत्तर वर्षांचा, आणि अजून दहापंधरा वर्षें दोघांना एका छताखालीं काढावयाचीं आहेत. नातवंड दिसलें कीं घरांतून निघावें, ही मनूची सांगी आतां पाळणार कोण? अरण्येंही उरलीं नाहींत आणि गुडघेही. तेव्हां पहिला मार्ग तेवढा शिल्लक राहतो: पुत्राच्या घरांत, पुत्राच्या सत्तेखालीं, आनंदानें राहणें. आणि हेंच आम्हां वृद्धांस सर्वांत अवघड जातें.

तें अवघड कां जातें, हें समजण्यास संस्कृत व्याकरणाचा थोडा उपयोग होतो. पाणिनीच्या शास्त्रांत ‘संप्रदान’ ही एका कारकाची संज्ञा आहे, आणि त्याची विभक्ति चतुर्थी. शाळेंत ‘ज्यास द्यावयाचें तें संप्रदान’ इतकेंच सांगून पुढें जातात. परंतु वैयाकरणांनीं या ठिकाणीं एक मार्मिक चर्चा केली आहे. एका मतानें, देणें म्हणजे वस्तूवरील आपली मालकी सोडून दुसऱ्याची मालकी उत्पन्न करणें. म्हणून ब्राह्मणास गाय दिली तर चतुर्थी. परंतु परटास वस्त्र दिलें तर तेथें चतुर्थी न येतां षष्ठी येते, कारण तें वस्त्र धुऊन परत यावयाचें आहे. दुसरें मत इतकें कडक नाहीं. पतंजलीच्या महाभाष्यांत वेदाचा स्वर चुकविणाऱ्या शिष्यास उपाध्याय थप्पड देतात, आणि तेथें शिष्याची चतुर्थीच योजिली आहे. थप्पडेवरील आपली मालकी उपाध्यायांनीं सोडली, असें तर कोणी म्हणणार नाहीं! हा वाद आपण वैयाकरणांवर सोपवूं. परटाच्या वस्त्राचें उदाहरण मात्र प्रत्येक वडीलधाऱ्या माणसानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कारण आमच्या घरांतील पुष्कळसें देणें हें परटास दिलेल्या वस्त्रासारखें असतें. सासूबाई सांगतात, ‘मी आतां स्वयंपाकघरांतून अंग काढून घेतलें आहे, सगळें सुनेचें.’ परंतु सुनेनें मसाल्याच्या डब्याची जागा बदलली कीं त्यांच्या कपाळास आठी पडते, आणि सायंकाळपर्यंत डबा पूर्वीच्या जागीं आलेला असतो. वडील सांगतात, ‘दुकान मुलाकडे सोंपविलें आहे.’ परंतु मुलानें जुन्या कारकुनास कांहीं सांगितलें, तर कारकून प्रथम वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. आणि वडिलांस तें पाहणें गोड वाटतें. ‘देवपूजा आतां तूंच कर,’ असें सांगितलें जातें, आणि मुलगा ती दहा मिनिटांत उरकतो म्हणून दररोज त्याच्या पाठीमागें उभें राहून सुस्कारा सोडला जातो. यांत दुष्टपणा नाहीं. चाळीस वर्षें ज्या हातानें घर चालविलें, तो हात आपोआप पुढें येतो. परंतु परिणाम असा होतो कीं, तरुणास जबाबदारी येत नाहीं, आणि वृद्धास विश्रांति मिळत नाहीं. जो निर्णय सायंकाळीं फिरविला जाणार हें ठाऊक आहे, तो सकाळीं विचारपूर्वक कोण घेईल? आपल्या मुलांना व्यवहार कळत नाहीं अशी तक्रार करणारे पुष्कळ वडील हे स्वतःच त्या अज्ञानाचे कर्ते असतात. कारण चूक करून ती निस्तरण्याची संधि त्यांनीं मुलांना कधीं दिलेलीच नसते.

आतां कोणी विचारील, सर्वच सोडावें काय? येथें एक भेद करणें अत्यंत अगत्याचें आहे, आणि या लेखांतील आमचें मुख्य सांगणें तेंच आहे. अधिकार ही एक वस्तु, आणि निर्वाह ही दुसरी. घर कसें चालावें हें ठरविणें हा अधिकार. आपलें अन्न, औषध आणि डोक्यावरचें छप्पर हा निर्वाह. अधिकार द्यावयाचा तो पूर्ण द्यावा. निर्वाह मात्र कोणासही देऊं नये. दुर्दैव असें कीं, अनेक घरांत याच्या नेमकें उलट घडतें. प्रेमाच्या भरांत राहतें घर बक्षीसपत्रानें मुलाच्या नांवावर करितात, ठेवी मोडून त्याच्या नव्या घरास देतात; आणि आमटींत गूळ किती, नातवास कोणत्या शाळेंत घालावें, सुनेनें माहेरीं किती दिवस राहावें, हें ठरविण्याचा हक्क मात्र प्राणपणानें राखितात. जें राखावयाचें तें दिलें जातें, आणि जें द्यावयाचें तें राखिलें जातें. मग एके दिवशीं असें दिसून येतें कीं, घर हातचें गेलें आहे आणि शब्दास मानही राहिलेला नाहीं.

कायद्याची या बाबतींतील स्थिति प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास माहीत असावी. योग्य रीतीनें नोंदलेलें आणि स्वीकारलेलें बक्षीसपत्र केवळ मन बदललें म्हणून सहसा परत घेतां येत नाहीं. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळां बदलतां येतें, आणि शेवटचें तेंच खरें धरतात. संसदेनें २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या २३ व्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, आपली देखभाल करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकानें मालमत्ता दिली असेल आणि घेणारानें ती देखभाल केली नाहीं, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवूं शकतें. परंतु ‘अटीवर’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. २०२२ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशी अट होती हें दाखविल्यावांचून या कलमाचा लाभ मिळणार नाहीं. २०२५ च्या जानेवारींत एका मातेच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें उदार दृष्टि स्वीकारली, आणि मुलानें स्वतंत्र लिहून दिलेलें देखभालीचें वचन बक्षीसपत्रासह वाचून तिचें घर तिला परत देवविलें. तात्पर्य इतकेंच कीं, देणें झालेंच तर अट लिहून घ्यावी. पोटच्या मुलाकडून लिहून काय घ्यावयाचें, असा संकोच पुष्कळांस वाटतो. परंतु न्यायाधिकरणाच्या दारांत मुलाविरुद्ध उभें राहण्यापेक्षां तो संकोच सुसह्य आहे. शिवाय मूळ कायद्यानें दरमहा चरितार्थाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये इतकीच ठरविली होती. कायदा भाकर देववूं शकतो. घरपण देववूं शकत नाहीं.

याच संदर्भांत एका उपेक्षित व्यक्तीचें स्मरण करून द्यावेंसें वाटतें. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य घर सोडून निघतांना प्रथम काय बोलतात? ब्रह्मविद्येचा तो सुप्रसिद्ध संवाद पुढें येतो. आरंभ होतो तो मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींची व्यवस्था लावून देण्याच्या प्रस्तावानें. मैत्रेयीला धन नको होतें ही गोष्ट वेगळी. ऋषींनीं तें विचारलें, हें महत्त्वाचें. आमच्या घरांत वडील असेपर्यंत दोन पिढ्यांचा झगडा हा बापलेकांचा दिसतो. वडील गेले म्हणजे त्या झगड्याचें उरलेलें देणें एकट्या आईच्या पदरीं पडतें. घर पतीच्या नांवें, खातें पतीच्या नांवें, कागद कोठें आहेत हें तिला ठाऊक नाहीं. आणि इतकीं वर्षें घराची मालकीण म्हणविणारी स्त्री एका महिन्यांत थोरल्याकडे चार महिने आणि धाकट्याकडे चार महिने अशी वांटली जाते. ज्या गृहस्थास खरोखर दूरदृष्टि असेल, त्यानें मुलाशीं तत्त्वचर्चा करण्याआधीं पत्नीच्या निर्वाहाची तजवीज तिच्या नांवावर, तिला समजावून, कागदोपत्रीं करून ठेवावी.

आतां तरुणांकडे वळूं. त्या विधींतील पुत्राचें काम हलकें आहे असें कोणी समजूं नये. पिता एकेक वस्तु सांगतो, आणि पुत्र ती घेतल्याचें तोंडानें बोलून दाखवितो. त्या वस्तूंत वाणी आणि दृष्टि आहे, तशींच कर्मेंही आहेत, आणि सुखाच्या जोडीस दुःखही आहे. आजचे पुष्कळ तरुण वाणी घेण्यास तत्पर असतात. कर्मांचें मागाहून पाहूं म्हणतात. घरांत आमचें चालावें, असें ज्यास वाटतें, त्यानें विजेचें बिल, इमारतीच्या सभा, आत्याबाईंचें आजारपण, गांवाकडील जमिनीचा खटला, हें सारें न सांगतां उचलावें. वर्षश्राद्ध करावयाचें नसेल तर तसें उघड सांगून त्या निर्णयाचा भार आपल्या शिरावर घ्यावा. त्या दिवशीं कामानिमित्त परगांवीं जाण्याची युक्ति करूं नये. तान्हें मूल आजीच्या हवालीं करून नोकरीस जावयाचें, आणि सायंकाळीं परत येऊन तिनें काय भरविलें याची उलटतपासणी करावयाची, हा न्याय नव्हे. ज्या घटकांत मूल आजीजवळ आहे, त्या घटकांत शब्द आजीचा.

दुसरी एक गोष्ट. अलीकडे वडिलांचा बँकेचा व्यवहार मुलगा भ्रमणध्वनीवरून करितो. सोय उत्तम आहे. परंतु तो पैसा वडिलांच्या निर्वाहाचा आहे, तो मुलास मिळालेला नाहीं. त्या पैशाच्या बाबतींत मुलगा परटाच्या जागीं आहे, हें त्यानें विसरूं नये. दरमहा, न विचारतां, हिशेब समोर ठेवावा. आणि वडिलांनीं यंत्राविषयीं कांहीं विचारलें असतां ‘तुम्हांला नाहीं कळायचें’ हें वाक्य उच्चारूं नये. त्या माणसानें आपल्याला अंक शिकविले आहेत, एकेक अंक शंभर वेळां.

विधींत पुत्र निघतांना तोंडापुढें हात किंवा वस्त्राचा शेव धरितो, असें वर सांगितलें. त्याचें कारण भाष्यकार कांहींही सांगोत; आम्हांस त्यांत एक संकोच दिसतो. ज्याच्या हातीं सत्ता आली आहे त्यानें ती आपल्या मुद्रेवर दिसूं देऊं नये. पुत्राच्या सत्तेखालीं पिता राहूं शकेल तो अशाच पुत्राच्या. सत्ता घेणारानें ती मिरविली, तर देणाराचा हात पुन्हां मागें येतो, आणि त्यास दोष देतां येत नाहीं.

उपनिषदांत ‘पुत्र’ म्हटलें आहे. आज आपण त्यांत कन्येचाही समावेश केला पाहिजे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलीस मुलाच्या बरोबरीनें जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याविषयींच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. परंतु कायद्यापूर्वींच व्यवहारानें तें मान्य केलें होतें. आईच्या औषधांच्या वेळा बहुतेक घरांत मुलीसच तोंडपाठ असतात. कर्म जिच्याकडे गेलें आहे, तिच्याकडे वाणीही जावी. निर्णयाच्या वेळीं तिला ‘तूं आतां दुसऱ्या घरची’ म्हणावयाचें, आणि रुग्णालयांत रात्रीं जागण्यासाठीं मात्र बोलावणें धाडावयाचें, हें शोभत नाहीं.

शेवटचा आक्षेप असा कीं, मुलें डोळ्यांदेखत चुकत असतील तर वडिलांनीं मुकाट बसावें काय? नाहीं. कोणाच्या जिवावर, शीलावर अथवा घराच्या मुळावर येणारी गोष्ट असेल तर बोललेंच पाहिजे, आणि स्पष्ट बोललें पाहिजे. परंतु अशा गोष्टी वर्षांतून एखादी घडते. उरलेले सर्व दिवस गुळाचे आणि डब्यांचे असतात. त्या दिवसांसाठीं आम्ही एक साधा नियम सुचवितों. दिलेल्या गोष्टीविषयीं विचारल्यावर बोलावें. न विचारतां बोलावेंसें वाटलें, तर एकदांच बोलावें. दुसऱ्यांदा बोललेलें वाक्य सल्ला राहत नाहीं, तो हुकूम होतो. आणि तिसऱ्यांदा बोललेलें केवळ कुरकुर.

ययातीनें पुत्राचें तारुण्य मागून घेतलें, आणि सहस्र वर्षें भोगून अखेरीस तें पूरूस परत केलें, राज्यही दिलें, आणि मग वनाची वाट धरली. इतकीं वर्षें थांबून तो ज्या ठिकाणीं पोहोंचला, तेथें आपल्याला आधींच जातां येईल. ज्या घरांत हा कलह धुमसत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं आणि मुलांनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं एकत्र बसून एका कागदावर दोन याद्या लिहाव्यात. एकींत जें आजपासून दिलें तें. दुसरींत जें हयात असेपर्यंत राखिलें तें. दुसऱ्या यादीच्या आरंभीं आईची खोली आणि आईचें खातें असावें. पहिल्या यादींतील प्रत्येक ओळ वडिलांनीं वाचावी, आणि ती घेतल्याचें मुलानें अथवा मुलीनें मोठ्यानें सांगावें. आमची खात्री आहे कीं, पहिली यादी लिहितांना वडिलांचा हात एकदोन ठिकाणीं अडखळेल. ज्या ओळीपाशीं तो अडखळेल, त्याच ओळीवर त्या घरांतील भांडण बसलेलें असतें. ती ओळ त्याच दिवशीं पुरी करावी.